मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर, किती वेळ? जाताना पाच तास आणि येताना साडेतेरा, असं तिकिटावर का दिसतं?

पोरगं शिकायला लंडनला गेलं, वर्षभराने आई-वडिलांना बोलावलं, आणि तिकीट व्हॉट्सॲपवर आलं. ते उघडून पाहिलं की पहिला गोंधळ तिथेच होतो. मुंबईहून पहाटे २ ला निघणार, लंडनला सकाळी ७ ला पोहोचणार. म्हणजे पाचच तास? आणि परतीचं विमान रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबईत. म्हणजे साडेतेरा तास? विमान तेच, रस्ता तोच, मग एवढा फरक कसा?

दोन्ही आकडे फसवे आहेत. जाताना विमानात साधारण साडेनऊ तास बसावं लागतं आणि येताना साधारण नऊ तास. बाकीचा खेळ घड्याळाचा आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापतात. जगभरात हीच पद्धत आहे.

अंतर नेमकं किती?

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते लंडनचं हीथ्रो विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर धरलं तर लंडन त्याच्या सहापटीहून थोडं जास्त लांब.

इथे 'सरळ' हा शब्द जपून घ्यावा लागतो. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून मुंबई-लंडन रेघ मारली तर ती बरीच दक्षिणेकडून जाते. पण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. एखाद्या चेंडूवर दोन ठिपके काढून त्यांच्यात दोरा ताणून धरला तर दोरा वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेकडे, झुकलेला दिसतो. तोच खरा जवळचा रस्ता. मुंबई-लंडनचा असा दोरा कराचीच्या बाजूने पाकिस्तानात शिरतो, मग इराण, कॅस्पियन समुद्राचा काठ, आर्मेनिया-जॉर्जियाचा डोंगराळ भाग, काळा समुद्र, युक्रेन आणि पुढे मध्य युरोप ओलांडून लंडनला पोहोचतो. बरोबर अर्धा रस्ता संपतो तो आर्मेनिया-जॉर्जियाच्या आसपास.

ही देशांची नावं वाचली की पुढची अडचण लगेच ध्यानात येते. यातल्या कितीतरी ठिकाणी गेल्या काही वर्षांत भांडणं पेटलेली आहेत.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. त्याआधी, १७ जुलै २०१४ ला, पूर्व युक्रेनवरून जाणारं मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि त्यातले सगळे २९८ जण गेले. तेव्हापासून लढाईच्या मुलखावरून जायचं की वळसा घ्यायचा, हा प्रश्न कंपन्या फार गंभीरपणे घेतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, मग भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. बालाकोटनंतर २०१९ मध्येही पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत असंच बंद होतं. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण-इराकच्या आकाशातली वाहतूक थांबली.

अशा वेळी विमान वाकडं जातं. कधी अरबी समुद्रावरून खाली ओमान-सौदीकडे, तिथून इजिप्त किंवा तुर्कीवरून युरोपात. मुंबईकरांचं त्यातल्या त्यात बरं, कारण मुंबईच्या पश्चिमेला समुद्रच आहे. निघाल्या निघाल्या समुद्रावर जायचं आणि पाकिस्तान बाजूला ठेवायचा, एवढंच. दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांना याचा जास्त फटका बसतो, कारण त्यांना पश्चिमेला जायचं तर पाकिस्तान आडवाच येतो. तिथून निघणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत उतरून मग समुद्र गाठावा लागतो. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांना असल्यामुळे एकाच दिवशी, एकाच विमानतळावरून निघालेलं ब्रिटिश कंपनीचं विमान आणि भारतीय कंपनीचं विमान वेगवेगळ्या वाटेने जाऊ शकतं. मोबाईलवर विमानाचा माग दाखवणारं ॲप उघडून बसलेल्या नातेवाइकांनी त्यामुळे वाकडी रेघ पाहून घाबरू नये.

मग वेळ किती लागतो?

लांब पल्ल्याचं जेट विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास धावतं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. पण तिकिटावर लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास आणि परत येताना पावणेनऊ ते सव्वानऊ तास धरलेले असतात. वरचा वेळ कुठे जातो?

थोडा जमिनीवर जातो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमान दार लावून रांगेत उभं असतं. तिकडे हीथ्रोवर उतरण्याआधी पाळी येईपर्यंत विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात, हे नेहमीचंच. दहा-वीस मिनिटं तिथे जातात. वळशाचे किलोमीटर आणखी वेगळे.

उरलेला फरक वाऱ्याचा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी १०० ते २०० किलोमीटर, हिवाळ्यात कधी त्याहून जास्त. भीमेच्या धारेविरुद्ध पोहणं आणि धारेबरोबर पोहणं यात जो फरक, तोच लंडनला जाणं आणि लंडनहून येणं यात आहे. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर.

'पृथ्वी फिरते म्हणून एका बाजूला लवकर पोहोचतो' असं पारावर हमखास कुणीतरी सांगतं. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच उडतं. तसं नसतं तर अंगणात उडी मारलेला माणूस शेजारच्या गावात पडला असता.

घड्याळाचा हिशेब

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. लंडनमधलं ग्रिनिच हे शून्य रेखांशाचं गाव. भारताची वेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. साडेब्याऐंशी भागिले पंधरा, उत्तर साडेपाच. म्हणून भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे.

पण लंडनवाले उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा. आपल्याकडे असं काही नसल्यामुळे ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात राहत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास 'पोरगं हल्ली उशिरा फोन करतंय' अशी तक्रार सुरू होते. तिकडे संध्याकाळी ६ ला काम सुटलं की उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. पोरगं वेळेवरच फोन करतं, त्याचं घड्याळ सरकलेलं असतं. आपण सकाळी ७ ला सहज म्हणून लावलेला फोन तिकडे रात्री अडीचला किंवा दीडला वाजतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

आता सुरुवातीचं तिकीट पुन्हा पाहू. मुंबईहून पहाटे २ ला निघालं, साडेनऊ तास उडालं, भारतात साडेअकरा वाजले. उन्हाळा असेल तर त्यातून साडेचार वजा, लंडनला सकाळचे ७. हिवाळा असेल तर सकाळचे ६. परतीला रात्री ९ ला निघालं, नऊ तासांनी लंडनच्या घड्याळात सकाळचे ६, त्यात साडेचार मिळवले की मुंबईत साडेदहा. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात '+१' असतं, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी.

तारखेची चूक सगळ्यात महाग

मुंबईहून परदेशात जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि इथेच भल्याभल्यांची फसगत होते. तिकिटावर '१५ तारीख, ०२:००' असं असेल तर घरून १४ तारखेलाच निघायचं असतं. १४ च्या रात्री ११ पर्यंत विमानतळाच्या दारात पाहिजे. १५ ला दुपारी जेवून निघालेल्या माणसाचं विमान तेव्हा लंडनला उतरूनही काही तास झालेले असतात. तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा बुडतात, नवं तिकीट आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावं लागतं. तिकीट आलं की विमानाच्या तारखेपेक्षा 'घरून कधी निघायचं' ती तारीख कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावावी.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायला सांगतात. बॅगा घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे, त्यामुळे गाडीवाल्याला नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' सांगू नये. तिकिटावर विमानतळाचं नाव आणि टर्मिनल दोन्ही असतात, ती वाचून सांगावीत. लंडनलाही तेच: हीथ्रोशिवाय गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन अशी विमानतळं आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत. न्यायला येणारा पोरगा एकीकडे आणि आई-वडील दुसरीकडे, असं व्हायला नको.

घराच्या उंबऱ्यापासून मोजलं तर

विमानाचे साडेनऊ तास हे पूर्ण प्रवासाच्या निम्मेसुद्धा नाहीत. सांगोला, मंगळवेढा किंवा मोहोळ तालुक्यातल्या गावाहून निघालेल्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. सोलापूर-मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. पुण्याची गर्दी, घाट, मुंबईत शिरतानाची कोंडी धरून आठ तास लागतात. वाटेत काही झालं तर म्हणून दोन तास हातात ठेवायचे. विमानतळावर तीन तास. विमान साडेनऊ तास. लंडनला उतरल्यावर पासपोर्ट-व्हिसाची रांग आणि सामान, दीड ते दोन तास. मुलाच्या घरापर्यंत आणखी तासभर. बेरीज पंचवीस तासांच्या आसपास जाते. सोलापूर ते मुंबई ४०० किलोमीटरला आठ तास आणि मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटरला साडेनऊ तास, हे ऐकून हसू येईल, पण हिशेब तसाच आहे.

पूर्वीच्या मानाने हे काहीच नाही म्हणा. सप्टेंबर १८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर व्हायला मुंबईहून बोटीने निघाले तेव्हा इंग्लंड गाठायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही शिक्षणासाठी लंडनला गेले ते बोटीनेच. ते १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात राहत होते, ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं असून तिथे स्मारक आहे, लंडनला गेलेली आपली माणसं ते आवर्जून बघून येतात. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालं. नाव 'मलबार प्रिन्सेस', प्रवासी ३५. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० जूनला लंडनला पोहोचलं.

थेट विमान की दुबई-दोहावरून?

मुंबई-लंडन थेट विमानं एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या कंपन्या अनेक वर्षांपासून चालवतात. मध्ये दुबई, अबुधाबी किंवा दोहाला बदलून जाणारं तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं. गंमत अशी की दुबईवरून जाण्यात अंतर फारसं वाढत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-लंडन सुमारे ५,५००. मिळून ७,४३० च्या आसपास, म्हणजे थेट रस्त्यापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त. वाढतो तो वेळ. दोनदा चढणं-उतरणं आणि मधला थांबा दोन तासांपासून दहा-बारा तासांपर्यंत कितीही.

साठी-सत्तरीची माणसं पहिल्यांदाच एकटी जाणार असतील तर थेट विमानाचे जास्तीचे पैसे मोजणं परवडतं. दुबईच्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना पाट्या वाचाव्या लागतात, दार नंबर बदलला तर कळावं लागतं. बदलूनच जायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना, हे पाहावं. एकच तिकीट असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते आणि बॅग थेट लंडनलाच मिळते. स्वस्तात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर हुकलेलं विमान प्रवाशाच्या माथी. युरोपातल्या एखाद्या शहरात बदल असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावं.

तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागता येते. तिला वेगळे पैसे पडत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी ती जरूर मागावी. रांगा, पाट्या आणि इंग्रजी या तिन्ही गोष्टी मदतनीस सांभाळतो. इन्सुलिन किंवा वेळेवरच्या गोळ्या असतील तर साडेचार-साडेपाच तासांचा फरक डॉक्टरांना सांगून वेळा लिहून घ्याव्यात आणि औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, ती मध्ये उघडता येत नाही. सामानाचं म्हणाल तर शेंगदाण्याची चटणी, भाकरी खुशाल न्यावी. पेढे, खवा, तूप असे दुधाचे पदार्थ आणि मटणाचं काही आपल्याकडून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. सुकं खोबरं तर विमानातच चालत नाही, तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं.

तिकडून तातडीने यायचं झालं तर

हा हिशेब कुणी आधी करून ठेवत नाही, आणि गरज पडते तेव्हा करायला कुणी शुद्धीवर नसतं. गावात वडील गेले, पोरगा लंडनला. मयत किती वेळ ठेवायची, हे भावकीला त्याच घटकेला ठरवावं लागतं.

समजा उन्हाळ्यात सकाळी ६ ला घटना घडली. लंडनला तेव्हा रात्रीचा दीड. पोराने फोन उचलला, तिकीट मिळालं आणि सकाळी १० चं थेट विमान साधलं, तर ते भारताच्या दुपारी अडीचला सुटेल आणि रात्री साडेअकराला मुंबईत उतरेल. बाहेर यायला दीड तास, पुढे आठ तास रस्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ च्या सुमारास तो दारात. एकूण सत्तावीस तास, आणि तेही सगळं जुळून आलं तर. सकाळचं विमान मिळालं नाही आणि रात्री ९ चं मिळालं तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा, गावात रात्री ८. म्हणजे अडतीस तास. दुबईवरून बदलून यायचं झालं तर त्यात थांब्याचे तास मिळवायचे.

म्हणून अशा वेळी पोराला 'कधी पोहोचतोस' एवढंच न विचारता विमान मुंबईला किती वाजता उतरतं, भारताच्या घड्याळात, हे विचारावं. त्यात दहा तास मिळवले की गावातली वेळ निघते. त्यावरून शवपेटी मागवायची की तालुक्याच्या शीतगृहात ठेवायचं, हे ठरवता येतं. मुंबईहून आणायला गाडी आधीच धाडून ठेवावी.

एक गोष्ट मात्र पोरांनी आधीच बघून ठेवायची आहे. ज्यांनी ब्रिटनचं नागरिकत्व घेतलंय, त्यांना भारतात यायला ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. तो हाताशी नसेल तर विमान समोर उभं असूनही चढू देत नाहीत, आणि त्यात लागणारे दिवस वरच्या कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. भारतीय पासपोर्टवर असणाऱ्यांनी पासपोर्टची मुदत पाहावी, आणि तो कुठल्या अर्जासाठी दुसऱ्या कार्यालयात जमा तर नाही ना, हेही.